वेदनिक समायोजन

वेदनिक समायोजन : एकच उद्दीपक (वास, आवाज, स्पर्श असे काही) ज्ञानेंद्रियावर सारखा येत राहिला की त्याची जाणीव मंदावते, या घटनेस मानसशास्त्रात वेदनिक समायोजन म्हणतात. बोलीत आपण ‘नाक सरावलं’, ‘कानाला सवय झाली’ म्हणतो. त्यातले नाकाचे म्हणणे बरोबर आहे. कानाचे मात्र तपासून घ्यावे लागते, आणि त्यासाठी सोलापूरसारखे यंत्रमागांचे शहर चांगले उदाहरण आहे.

इंद्रियांतील ग्राहक पेशींना बदल टिपण्यात रस असतो, स्थितीत नाही. अंगावर चादर घेतली की क्षणभर तिचा स्पर्श कळतो, मग विसरायला होतो. विडी वळणाऱ्या बाईला तंबाखूचा वास येत नाही. दारात आलेल्या पाहुण्याला मात्र लगेच येतो. उन्हातून अंधाऱ्या खोलीत शिरल्यावर डोळ्यांतील रंग टिपणाऱ्या शंकुपेशी सुमारे दहा मिनिटांत जुळवून घेतात, मंद उजेडात पाहणाऱ्या दंडपेशींना अर्धा तास लागतो. वेदना याला बरीचशी अपवाद आहे, आणि ते आपल्या भल्याचेच आहे.

शेंगाचटणीचे प्रकरण निराळे. तिखट ही चव नव्हेच. मिरचीतील कॅप्सेसिन हे तिखट द्रव्य ज्या ग्राहकाला (पेशीवरील संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला) चिकटते, तोच ग्राहक साधारण ४३ अंश सेल्सियसच्या वरची उष्णता टिपतो, म्हणून तोंड ‘भाजते’. (सोलापूरचा मे महिनाही या आकड्याच्या आसपास घुटमळतो, हा निव्वळ योगायोग.) हा ग्राहक १९९७ साली अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने ओळखला; २०२१ च्या नोबेल पारितोषिकात त्या कामाचा वाटा होता. वारंवार तिखट खाल्ल्याने या ग्राहकाचा प्रतिसाद बोथट होतो. कडक भाकरीबरोबर चटणी सहज खाणाऱ्याची जीभ मेलेली नसते, सरावलेली असते. काही काळ तिखट सोडले की ती पुन्हा हुळहुळी होते.

मागाच्या खटखटीत तीन गोष्टी एकत्र मिसळतात. पहिली, मेंदू त्या आवाजाकडे लक्ष देणे सोडतो. हे इंद्रियाचे समायोजन नव्हे, मेंदूचे सवयीकरण आहे. मनात आणले तर आवाज पुन्हा ऐकू येतो. सोलापूरच्या पूर्व भागात कारखान्याला लागून राहणारा माणूस खटखटीत झोपतो, आणि वीज जाऊन माग थांबले की त्याला जाग येऊ शकते, कारण शांतता हाच बदल. तरीही झोपेतल्या आवाजाने हृदयाचे ठोके वाढणे पुरते थांबत नाही. दुसरी, पाळी संपल्यावर काही तास कानांना दडे बसल्यासारखे होते आणि विश्रांतीने ते सुधारते. तिसरी गोष्ट सुधारत नाही. आतील कानातील केसपेशी मोठ्या आवाजाने मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. नवा कामगार पहिल्या दिवशी कानावर हात ठेवतो, जुना ठेवत नाही. यात सराव किती आणि बहिरेपण किती, हे बघून कळत नाही. आठ तासांसाठी ८५ डेसिबलपर्यंतचा आवाज सुरक्षित धरावा, असा अनेक तज्ज्ञांचा दंडक आहे. भारतीय कारखाना नियमांत ही मर्यादा ९० आहे. धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये आवाज सहसा याहून वर जातो, आणि पाळी बारा तासांची असली की हिशेब आणखी बिघडतो.

म्हणूनच विचारण्यापेक्षा मोजणे महत्त्वाचे. ‘ऐकू येतं का?’ या प्रश्नाला ‘येतं की’ हेच उत्तर मिळते. जर्मनीतील लाइपझिगचे शास्त्रज्ञ एर्न्स्ट वेबर यांनी १८३४ मध्ये स्पर्शावर प्रयोग प्रसिद्ध केले आणि गुस्ताव फेख्नर यांनी १८६० मध्ये वेदनसीमा (उद्दीपक जेमतेम कळू लागतो ती पातळी) मोजण्याच्या पद्धती मांडल्या. उद्दीपक थोडाथोडा वाढवत किंवा कमी करत, तो कळू लागतो तो बिंदू शोधायचा. आजची श्रवणचाचणी याच घराण्यातली. पण वयाने कानही उतरतात. मागावरच्या कामगाराची तुलना त्याच वयाच्या, आवाजात न राबलेल्या माणसाशीच करावी लागते. ती नसेल तर आकड्याला अर्थ नाही.

आवाजाने झालेली हानी बहुधा ४,००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे वरच्या पट्टीत, श्रवणचाचणीच्या आलेखात खड्डा पाडून दिसते. बोलण्यातले ‘अ’, ‘आ’ असे स्वर खालच्या पट्टीत असल्याने ते वाचतात. ‘स’, ‘श’, ‘फ’ हे आधी निसटतात. मग घरची मंडळी म्हणतात, ‘बाबांना हाक ऐकू जाते, पण काय म्हटलं ते कळत नाही.’