बारा खुर्च्यांची खानावळ

क्यूबाच्या राजधानीत, हवानात, उतरलेला प्रवासी पहिल्या संध्याकाळी काय शोधतो, हे साधारण ठरलेले असते. कुणाच्या तरी घरातली खानावळ, ताटात काळ्या राजम्याचा भात आणि भाजलेले डुकराचे मांस, हातात मोहितो (रम आणि पुदिन्याचे पेय), आणि दोन टेबलांपलीकडे गिटार, त्रेस (गिटारसारखे तंतुवाद्य), बोंगो (जोडढोलकी) घेऊन बसलेले तिघे-चौघे. पदार्थ जुने, सूर त्याहून जुने. पण ही सगळी मांडामांड जेमतेम तीस वर्षांची आहे, आणि ती परंपरेतून कमी, डॉलरच्या टंचाईतून जास्त आली आहे.

साखर, स्पेनची सत्ता आणि आफ्रिकेतून आणलेले गुलाम हा भाग सर्वांना ठाऊक असतो. रम एकोणिसाव्या शतकात पूर्वेच्या सांतियागो शहराकडे मुरली. ‘सोन’ ही गाण्याची चाल पूर्वेकडच्या डोंगराळ भागातून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजधानीत आली आणि 1920च्या दशकात तिला ट्रम्पेट जोडला गेला. 1959 च्या कम्युनिस्ट क्रांतीनंतर 1962 मध्ये रेशनचे पुस्तक आले. मार्च 1968 मध्ये उरलेसुरले छोटे खासगी धंदेही सरकारने ताब्यात घेतले. त्यांची संख्या पन्नास हजारांच्या वर होती आणि त्यात कोपऱ्यावरचे बार आणि वडे-सँडविचच्या हातगाड्याही होत्या. रस्त्यावर उभ्याने खाण्याची सवय त्या महिन्यात मोडली, असे म्हणायला हरकत नाही.

सोव्हिएत संघ कोसळल्यावर तिथून येणारे तेल आणि धान्य आटले. 1993 मध्ये सरकारने डॉलर बाळगणे कायदेशीर केले आणि ठरावीक व्यवसाय स्वतः करायची मुभा दिली. लोकांनी बैठकीच्या खोलीत टेबले मांडली. या खानावळींना ‘पालादार’ हे नाव पडले ते एका ब्राझिलियन मालिकेवरून. तिच्यातली नायिका खाद्यपदार्थ विकून वर येते आणि तिच्या धंद्याचे नाव हेच असते. शब्दाचा मूळ अर्थ टाळू. आज पन्नास टेबलांच्या, वातानुकूलित, वाइनची यादी असलेल्या जागेलाही पालादारच म्हणतात. त्यामुळे या शब्दावरून घरगुतीपणाची खात्री धरून जाणारा हमखास फसतो.

सुरुवातीची परवानगी काही महिन्यांतच मागे घेतली गेली. 1995 मध्ये ती परत आली ती एका अटीवर: बारा खुर्च्या. तेरावी खुर्ची म्हणजे दंड. वाढपी घरचेच हवेत. शेवंडे, कोळंबी आणि गोमांस निषिद्ध. अटींमागे विषमता वाढू नये हा युक्तिवाद होता, आणि तो अगदीच पोकळ नव्हता, कारण एका टेबलाच्या बक्षिशीत डॉक्टरचा महिन्याचा पगार निघत असे. पण खरी काळजी सरकारी उपाहारगृहांच्या गल्ल्याची होती, असे मला वाटते. नाहीतर शेवंड्यावर बंदी कशाला?

या बंदीची सर्वात गमतीची खूण ताटातच आहे. ‘रोपा व्हिएहा’ म्हणजे शब्दशः ‘जुने कपडे’. मांस शिजवून त्याचे चिंध्यांसारखे धागे करायचे, मग टोमॅटो, कांदा, ढोबळी मिरची घालून परतायचे. पदार्थ मुळात गोमांसाचा. तेच निषिद्ध, म्हणून कित्येक स्वयंपाकघरांत तो मेंढीच्या मांसाचा झाला आणि आज प्रवाशाला तोच ‘अस्सल’ म्हणून वाढला जातो. सोबतचा कंद, युका, आपल्या ओळखीचा आहे. साबुदाणा याच्यापासूनच होतो. इथे तो उकडून वर लसूण, तेल आणि आंबट संत्र्याच्या रसाची फोडणी ओततात. राजमा-भाताच्या नावात मात्र गोंधळ आहे. भातात एकत्र शिजवलेला काळा राजमा म्हणजे ‘मोरोस’, लाल म्हणजे ‘कोंग्री’, असा पूर्वेकडचा भेद. हवानात काळ्यालाही बिनदिक्कत कोंग्री म्हणतात. राजमा वेगळा आणि भात वेगळा आला, तर तो आपल्या वरण-भाताचा चुलतभाऊ समजावा.

खुर्च्यांची मर्यादा 2010 मध्ये वीस झाली, गोमांस आणि शेवंडे मोकळे झाले, पुढच्या वर्षी पन्नास. 2018 मध्ये एका व्यक्तीला एकच परवाना आणि तीच कमाल पन्नास खुर्च्यांची मर्यादा, असे नियम जाहीर झाले. बरीच ओरड झाली आणि डिसेंबरात तो भाग काढून टाकला गेला.

त्याच डिसेंबरात संगीताची बाजू आवळली गेली. व्यावसायिक वादक आधीपासूनच सरकारी संस्थांशी बांधलेला असतो, त्याची पात्रताही तिथेच ठरते. नव्या हुकुमाने मंजुरीविना वादन करणाऱ्याबरोबर त्याला जागा देणाऱ्या खासगी मालकालाही दंडाची तरतूद केली. कलाकारांनी उघड विरोध केला तेव्हा अंमलबजावणी सबुरीने करू, असे सांगण्यात आले. म्हणजे खुर्च्या सुटल्या आणि सूर अडकले. टेबलाशी येऊन बोलेरो, म्हणजे संथ प्रेमगीते, म्हणणाऱ्या त्रिकुटाकडे पाहताना हे लक्षात येत नाही. त्यांच्यातला एक लाकडाच्या दोन काड्या एकमेकींवर आपटत असतो. दोन मात्रा-गटांत पाच ठोके, एकात तीन, दुसऱ्यात दोन. बाकी सगळे त्या पाच ठोक्यांना धरून चालतात.

पैशाचे वळण 2021 चे. तोवर प्रवाशांसाठी डॉलरच्या तोडीचा एक पेसो आणि स्थानिकांसाठी दुसरा, अशी दोन चलने होती. 1 जानेवारी 2021 पासून एकच उरले आणि दर डॉलरला 24 ठरला. बाजारातला दर लगेचच त्याच्या कितीतरी वर गेला. त्यामुळे मोहितोची किंमत कुठल्या दराने लावली आहे, ते बसण्यापूर्वीच विचारावे.

अमेरिकेने 2017 च्या अखेरीस कित्येक सरकारी हॉटेलांवर आपल्या नागरिकांना मज्जाव केला. अमेरिकेने क्यूबाच्या प्रवासासाठी परवानगी दिलेल्या वर्गांपैकी ‘क्यूबाच्या जनतेला आधार’ या वर्गात खासगी घरात राहणे आणि खासगी खानावळीत जेवणे हे कायदेशीर सहलीचे पुरावे ठरले. ज्या बारा खुर्च्यांकडे हवाना संशयाने पाहत असे, त्यांची शिफारस आता वॉशिंग्टनच्या नियमावलीत आहे, आणि अमेरिकन पाहुणा निघताना बिलाचा कागद घडी घालून पासपोर्टात ठेवतो.