जँगो ॲडमिनमध्ये प्रत्येक ओळीला बटण का मिळत नाही: थोडी पार्श्वभूमी

मार्च लागला की रत्नागिरी-देवगडकडे हापूसच्या ऑर्डरींची गडबड सुरू होते, आणि ज्या बागायतदारांची वेबसाइट जँगोवर (पायथॉन भाषेत वेबसाइट बांधायची तयार चौकट) आहे त्यांच्या ऑफिसातला माणूस दिवसभर जँगोची ॲडमिन (नोंदी भरायचे-बदलायचे तयार स्क्रीन) उघडून बसलेला असतो. समोर ऑर्डरींची लांबलचक यादी. त्याचं मागणं एकच, ह्या ओळीसमोर ‘पेटी रवाना’ असं बटण द्या ना, दाबलं की झालं. मागणं अगदी रास्त आहे. तरी जँगोत हे तयार मिळत नाही, आणि ते का नाही हे कळायला जरा मागे जावं लागतं.

जँगो जन्मला तो वर्तमानपत्राच्या ऑफिसात. अमेरिकेत कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावच्या ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’मध्ये २००३ साली एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी त्याची सुरुवात केली, जुलै २००५ मध्ये तो सगळ्यांसाठी खुला झाला. तिथे नवीन साइट काही तासांत उभी करायची असायची आणि मजकूर भरणारे लोक प्रोग्रामर नव्हते, म्हणून मॉडेल (कुठली माहिती कशी साठवायची याची कोडमधली व्याख्या) लिहिलं की भरण्या-सुधारण्याचा स्क्रीन आपोआप तयार व्हावा ही ॲडमिनमागची कल्पना. बातमी उघडा, दुरुस्त करा, सेव्ह करा. म्हणजे यादी ही फक्त फॉर्मपर्यंत पोचायची वाट होती, यादीवरच काही काम उरकायचं हे डोक्यातच नव्हतं. सुरुवातीला तर ॲडमिनच्या सेटिंग मॉडेलच्या आतच लिहायच्या. सप्टेंबर २००८ ला जँगोची १.० आवृत्ती आली तेव्हा त्या वेगळ्या मॉडेलॲडमिन क्लासमध्ये आल्या आणि आपल्या मेथड (क्लासमधली फंक्शन) लिहायला नीट जागा झाली.

मग ॲक्शन आल्या, म्हणजे यादीत निवडलेल्या ओळींवर एकदम करायची कामं. ब्रायन बेक यांचं ‘जँगो-बॅचॲडमिन’ नावाचं वेगळं पॅकेज होतं, ते ॲलेक्स गेनर, यानिस लाइडेल आणि मार्टिन माह्नर यांनी नव्याने लिहून जँगोत घातलं आणि जुलै २००९ च्या १.१ मध्ये ते सगळ्यांना मिळालं. नावातच बॅच, म्हणजे घाऊक, आहे बघा. ॲक्शनच्या फंक्शनला मॉडेलॲडमिन, रिक्वेस्ट (ब्राउझरकडून आलेली मागणी) आणि क्वेरीसेट (निवडलेल्या नोंदी) मिळतात, वापरणाऱ्याने चौकोनात टिक करायची, वरच्या ड्रॉपडाउनमधून काम निवडायचं आणि गो दाबायचं. संध्याकाळी टेम्पो भरून पेट्या गेल्या तर सगळ्या एकदम रवाना दाखवायला हे फार छान आहे. पण एकाच पेटीसाठी तेवढेच सगळे टप्पे, तेही पॅकिंगच्या शेडमध्ये उभं राहून मोबाइलवर, म्हणजे माणूस कंटाळणारच.

म्हणून लोकांनी जुगाड काढला. लिस्ट डिस्प्लेमध्ये (यादीत कुठले रकाने दिसावेत त्या सेटिंगमध्ये) एक मेथड टाकायची, तिच्यातून लिंकचं एचटीएमएल परत करायचं, गेट युआरएल्समध्ये (ॲडमिनचे पत्ते ठरवणाऱ्या मेथडमध्ये) आपला पत्ता जोडायचा. पूर्वी त्यासाठी अलाउ टॅग्स (एचटीएमएल जसंच्या तसं दाखवायची परवानगी) चालू करावं लागे, आणि कोणी गिऱ्हाइकाचं नाव तसंच त्या एचटीएमएलमध्ये चिकटवलं तर नावात लिहिलेली स्क्रिप्टसुद्धा ॲडमिनमध्ये चालायची. १.५ मध्ये आत घातलेला मजकूर निरुपद्रवी करून देणारं फॉरमॅट एचटीएमएल आलं, २.० मध्ये अलाउ टॅग्स काढूनच टाकलं, ते फार बरं झालं.

खरा धोका मात्र लिंकचा. लिंक म्हणजे गेट रिक्वेस्ट (फक्त पान मागणारी), आणि गेटने काही बदलू नये हे १९९९ च्या एचटीटीपी नियमांतच लिहिलेलं आहे. मे २००५ मध्ये गुगलने वेब ॲक्सिलरेटर काढला, तो पानावरच्या लिंक आधीच आणून ठेवायचा म्हणजे क्लिक केल्यावर पान पटकन उघडेल. पण ज्या ॲपमध्ये ‘डिलीट’ ही साधी लिंक होती तिथे त्याने तीही उघडली, लॉगिन केलेल्या माणसाच्याच नावाने, आणि लोकांचा डेटा गेला. आजही तुमच्याच साइटच्या दुसऱ्या कुठल्या पानावरच्या इमेज टॅगमध्ये तुमचा ‘रवाना’चा पत्ता टाकला तर ब्राउझर तो उघडू शकतो, न दाबता पेटी निघाली म्हणून नोंद होईल. माझं मत ठाम आहे, नोंद बदलणारी गोष्ट लिंकवर ठेवायचीच नाही.

मग पोस्ट (बदल करायला पाठवायची रिक्वेस्ट) करायचं तर ओळीत छोटा फॉर्म हवा, आणि नेमकं इथेच इतिहास आडवा येतो. ॲक्शन चालाव्यात म्हणून आता अख्खी यादीच एका मोठ्या फॉर्ममध्ये बसलेली आहे, आणि एचटीएमएलमध्ये फॉर्मच्या आत फॉर्म चालत नाही. एरर कुठे दिसत नाही. ब्राउझर पहिल्या ओळीतला आतला फॉर्म गुपचूप टाकून देतो, पण त्याचा शेवटचा टॅग मात्र मानतो, त्यामुळे पुढच्या ओळींतले फॉर्म तयार होतात. म्हणजे पहिल्या ओळीचं बटण चालत नाही, बाकीची चालतात, आणि आपण तासभर कोडमध्ये शोधत बसतो. घाऊक कामासाठी केलेल्या सोयीनेच एकेका ओळीची वाट अडवली, ती ही अशी.

वाट तरी आहे. सबमिट बटणाला फॉर्मॲक्शन (फॉर्म कुठे पाठवायचा ते सांगणारा गुणधर्म) देऊन आपला पत्ता लिहायचा, आतला फॉर्म लागतच नाही आणि बाहेरच्या फॉर्मचा सीएसआरएफ टोकन (दुसऱ्या साइटची खोटी रिक्वेस्ट अडवणारी गुप्त खूण) आपोआप सोबत जातो. जँगो-ॲडमिन-रो-ॲक्शन्ससारखी पॅकेजही आहेत, ओळीत मेनू देणारी.

जँगोने पुढे २.१ मध्ये ॲक्शनला परवानग्या दिल्या, एप्रिल २०२१ च्या ३.२ मध्ये त्यासाठी डेकोरेटर (फंक्शनच्या वर लिहायची खूण) आला, पण हे सगळं त्या ड्रॉपडाउनवाल्या ॲक्शनसाठी. ओळीतल्या बटणामागचा व्ह्यू (रिक्वेस्ट आल्यावर चालणारं फंक्शन) तुमचा स्वतःचा. ॲडमिन व्ह्यूमध्ये गुंडाळलात तरी साधारणपणे तो माणूस स्टाफ आहे एवढंच तपासलं जातं, ह्या ऑर्डरवर त्याचा हक्क आहे का आणि रिक्वेस्ट खरंच पोस्ट आहे का हे तुम्हीच बघायचं. लॉग चेंजही (हिस्टरीत नोंद करणारी मेथड) स्वतः बोलवायचं, कारण कोडमधून नुसतं सेव्ह केल्याने किंवा क्वेरीसेटच्या अपडेटने ऑर्डरच्या हिस्टरीत काहीच येत नाही, आणि मे महिन्यात मुंबईहून गिऱ्हाइकाचा फोन आला, पेटी कोणी कधी पाठवली, तर ऑफिसातला माणूस पहिल्यांदा तीच हिस्टरी उघडतो.