पाटणचा शिलालेख आणि वर्गातली बोली

चाळीसगावजवळच्या पाटणला एका शाळेचा कागद दगडावर कोरलेला आहे. शके 1128 चा हा लेख सांगतो की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला. बराचसा मजकूर संस्कृत, पण शेवटी मठाच्या खर्चाची तजवीज येते तिथे भाषा मराठी होते : ‘इयां पाटणीं जें केणें उघटे…’ म्हणजे पाटणच्या बाजारात जो माल विक्रीला निघेल, त्यावरचं राजाचं येणं मठाला ‘दीन्हला’, म्हणजे दिलं.

अशी अस्सल साधनं आधी पुढे ठेवा, मग इतिहास लिहा, हा आग्रह इतिहास संशोधक वि. का. राजवाड्यांचा. 1898 पासून त्यांनी जुनी पत्रं खंडांमागून खंड छापली. 31 डिसेंबर 1926 ला ते धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे उभं राहिलं. कागद अभ्यासकांसाठी जपले गेले. शाळेपर्यंत बहुधा निष्कर्षच पोचले. भौतिक, लिखित, मौखिक हे साधनांचे प्रकार मुलं आजही पाठ करतात, साधन मात्र हातात घेत नाहीत. मला हे फार खटकतं.

अमेरिकेत मेरी शेल्डन बार्न्स यांनी 1885 मध्येच मूळ उतारे आणि त्यांवरचे प्रश्न शालेय पुस्तकात घातले. इंग्लंडमध्ये 1972 नंतर शालेय इतिहास प्रकल्पाने पुराव्यावरून विचार करायला शिकवणं हाच विषयाचा गाभा मानला. पण जुनी भाषा अवघड, आणि वाचनात मागे असलेली मुलं पहिल्याच ओळीला अडतात. 1990 च्या दशकात अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ कॅरोल अ‍ॅन टॉमलिन्सन यांच्या लेखनातून एक विचार रुजला : सगळ्यांनी पोचायचं एकाच ठिकाणी, पण ज्याला जी वाट झेपेल तिने.

पाटणच्या लेखाला हा विचार चपखल लागतो. एकाने चांगदेवाची वंशावळ लावावी, दुसऱ्याने बाजार आणि मठ यांचं नातं चित्रातून दाखवावं, तिसऱ्याला ओळ मोठ्याने वाचून दाखवावी. सोपा केलेला उतारा जरूर द्यावा, पण मूळ ओळीच्या शेजारी. तिच्या जागी नाही. आणि घरी ‘माझा’, ‘तुझा’ याला ‘मन्हा’, ‘तुन्हा’ म्हणणाऱ्या मुलाच्या कानाला ‘दीन्हला’ परका वाटत नाही. शुद्धलेखनात लाल रेघा खाणारं अहिराणी पोर इथे वर्गाच्या पुढे असू शकतं.

सातपुड्याच्या पायथ्याच्या भिली बोलणाऱ्या मुलाला ही ओळ तितकी जवळची नाही. त्याच्यासाठी ब्रिटिश काळात ग्रिअर्सनने केलेल्या भारतातल्या भाषांच्या सर्वेक्षणाचा नववा खंड आहे. त्याच्या 1907 मध्ये छापलेल्या तिसऱ्या भागात भिली आणि खान्देशी बोलींचे नमुने एकत्रच दिलेले आहेत.