लडलो : एक इंग्रजी बाजारगाव आणि तेथील दिवसभराची भटकंती

लडलो हे पश्चिम इंग्लंडमधील श्रॉपशर परगण्यात, वेल्सच्या सीमेलगत, टीम नदीच्या वळणावरील टेकडीवर वसलेले सुमारे दहा-अकरा हजार वस्तीचे ऐतिहासिक बाजारगाव आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये मनात येईल तेथे बाजार भरवता येत नसे. त्यासाठी राजाची सनद किंवा पूर्वापार चालत आलेला हक्क लागे. ब्रॅक्टन या १३ व्या शतकातील न्यायशास्त्रज्ञाच्या नावे असलेल्या ग्रंथात असे मांडले आहे की, माणसाची दिवसाची चाल २० मैल धरावी, तिचे जाणे, खरेदीविक्री व परतणे असे तीन समान भाग करावेत, आणि म्हणून नवा बाजार जुन्या बाजारापासून ६⅔ मैलांच्या (सुमारे १०.७ किमी.) आत भरवू नये. दिवसाउजेडी घरी परतता यावे, हा या हिशेबामागचा हेतू होता. अशी गावे पायी फिरणाऱ्याला आजही एका दिवसात पुरतात.

लडलोचा किल्ला ११ व्या शतकाच्या अखेरीस द लेसी या नॉर्मन घराण्याने बांधला आणि १२ व्या शतकात त्याच्या दरवाजासमोर आखीव गाव वसवले गेले. गावाचा कणा म्हणजे टेकडीच्या माथ्यावरून पूर्वेकडे गेलेली रुंद बाजारपेठ. तिच्या दोन्ही बाजूंना रस्त्याकडे अरुंद तोंड आणि मागे लांबच लांब परस, असे घरांचे पट्टे पाडले गेले, कारण पेठेवरचा दर्शनी भागच सर्वांत मोलाचा होता. पुढे पेठेच्या मधोमध मांडलेली दुकाने उठेनाशी झाली, त्यांच्या जागी पक्की घरे उभी राहिली आणि एका रुंद पेठेच्या तीन-चार चिंचोळ्या गल्ल्या झाल्या. मार्केट स्ट्रीट, चर्च स्ट्रीट व हार्प लेन या गल्ल्या आज पर्यटकांना विशेष मोहवतात. मुळात ते सरळसरळ अतिक्रमण होते. मोकळा राहिलेला पश्चिमेकडचा तुकडा म्हणजे आजचा कॅसल स्क्वेअर. तेथील व्हिक्टोरियाकालीन टाउन हॉल १९८६ मध्ये पाडण्यात आला आणि चौक पुन्हा मोकळा झाला.

याच चौकात सोमवार, बुधवार, शुक्रवार व शनिवार या दिवशी बाजार भरतो, त्यामुळे भेटीचा दिवस त्यानुसार ठरवणे इष्ट. श्रूझबरी–हेरफर्ड लोहमार्ग १८५२ मध्ये गावापर्यंत पोहोचला. स्थानकावरून चढ चढून दहा-पंधरा मिनिटांत चौकात पोहोचता येते. भाजीपाला, चीज, पाव यांचे ताजे ठेले पाहायचे तर सकाळची वेळ बरी. खाद्यपदार्थांसाठी गावाची ख्याती १९९५ पासून भरणाऱ्या खाद्यमहोत्सवाने वाढवली आणि आता ती कधीकधी गावाच्या इतिहासालाही झाकोळते. चौकापासून जवळच, ब्रॉड स्ट्रीटच्या माथ्यावर, १८ व्या शतकाच्या मध्यात बांधलेले बटरक्रॉस आहे. त्याच्या खांबांमधील मोकळ्या जागेत लोणी विकले जाई.

बटरक्रॉसच्या मागे गल्लीत लपलेले सेंट लॉरेन्सचे चर्च निवांत पाहावे. सुमारे ४१ मी. उंच मनोऱ्याची ही इमारत मुख्यतः १५ व्या शतकात लोकरीच्या व्यापारातून आणि 'पामर्स गिल्ड' या श्रीमंत धर्मसंघाच्या पैशातून नव्याने उभी राहिली. गायकवृंदाच्या आसनांखाली २८ कोरीव लाकडी टेकू आहेत. दीर्घ प्रार्थनेत उभ्या राहिलेल्या धर्मोपदेशकांना किंचित टेकता यावे, यासाठी ते केलेले असत. त्यांपैकी एकावर मापात मारणाऱ्या बिअरवालीची गत कोरली आहे : एका सैतानाने तिला खांद्यावर उलटी टाकली असून लबाडीचे माप तिच्या हातातच आहे, दुसरा तिच्या पापांची यादी वाचतो आहे, तिसरा बॅगपाइप वाजवतो आहे आणि बाजूला नरकाने जबडा पसरला आहे. बाजारावर जगणाऱ्या गावाने वेदीजवळ हे शिल्प ठेवावे, यात नवल नाही.

दुपार किल्ल्यासाठी राखावी. चौथ्या एडवर्डचा थोरला मुलगा १४७३ पासून येथे वाढला. एप्रिल १४८३ मध्ये वडिलांच्या मृत्यूची वार्ता आल्यावर तो पाचवा एडवर्ड म्हणून लंडनला निघाला आणि पुढे लंडनच्या टॉवर या राजकिल्ल्यात धाकट्या भावासह नाहीसा झाला. सातव्या हेन्रीचा वारस आर्थर २ एप्रिल १५०२ रोजी याच किल्ल्यात वारला. त्याची विधवा कॅथरिन पुढे आठव्या हेन्रीची राणी झाली. वेल्स व सीमाप्रदेशाचा कारभार पाहणारे मंडळ १६८९ पर्यंत येथे होते. वकील, कारकून व पक्षकार यांची ये-जा असल्याने गावात खानावळी व उत्तम घरे वाढली. नक्षीदार लाकडी दर्शनी भागाचे १६१९ मधील 'द फेदर्स' हे एका वकिलाचेच घर होते. मंडळ बरखास्त झाल्यावर किल्ला ओस पडला. आतील प्रांगणात १२ व्या शतकातील चॅपेलचा वर्तुळाकार भाग मात्र टिकून आहे, आणि तसा इंग्लंडमध्ये क्वचितच पाहायला मिळतो.

किल्ल्याचा मराठ्यांच्या इतिहासाशी एक दूरचा संबंध आहे. तो १८११ मध्ये विकत घेणारा पॉविसचा अर्ल एडवर्ड क्लाइव्ह हा प्लासीच्या रॉबर्ट क्लाइव्हचा मुलगा होय. १७९८ ते १८०३ या काळात तो मद्रासचा गव्हर्नर होता. वसईच्या तहानंतर दुसऱ्या बाजीरावाला गादीवर परत बसवण्यासाठी आर्थर वेलस्लीने १८०३ मध्ये जी फौज पुण्यास आणली, ती मद्रास इलाख्याकडूनच आली होती.

संध्याकाळी ब्रॉड स्ट्रीटने उतरावे. तटबंदीच्या दरवाजांपैकी एकटा उरलेला ब्रॉड गेट या रस्त्याच्या पायथ्याशी असून त्यावर नंतर घर चढवलेले आहे. पुढे टीमवरील मध्ययुगीन लडफर्ड पूल लागतो. १२ ऑक्टोबर १४५९ रोजी त्याच्या परिसरात, यॉर्क व लँकेस्टर या राजघराण्यांतील गादीच्या झगड्यात, यॉर्कपक्षीय सैन्य लढण्याआधीच फुटले व विजयी लँकेस्टरपक्षीय सैन्याने गाव लुटले. पुलापलीकडच्या व्हिटक्लिफ टेकाडावरून किल्ला, मनोरा व पेठेची आखणी एका नजरेत दिसते. स्टोकसे येथील तटबंद वाडा त्याच दिवशी पाहण्याची घाई करू नये. लोहमार्गावरील पुढचे स्थानक क्रेव्हन आर्म्स येथून तो जवळ आहे, आणि लडलोचा लोकरीचा व्यापारी लॉरेन्स याने १३ व्या शतकाच्या शेवटी बांधलेला हा वाडा स्वतंत्र भेटीच्या योग्यतेचा आहे.