शाब्ली वाइन

शाब्ली : फ्रान्समधील याच नावाच्या गावाभोवती होणारी पांढरी, कोरडी (म्हणजे गोडवा जवळजवळ न उरलेली) वाइन. हे गाव बर्गंडीच्या उत्तर टोकाला, योन जिल्ह्यात, स्रँ नदीच्या काठी आहे. पॅरिस तिथून सुमारे १८० किमी. ही वाइन केवळ शार्दोने जातीच्या द्राक्षांची करतात. शार्दोनेला तिथले जुने लोक ‘ब्योन्वा’ म्हणत. रंग फिकट पिवळा, त्यात हिरवट झाक, आणि आंबटपणा असा की पहिल्या घोटालाच जाणवावा.

या वाइनला आकार दिला तो मठवासीयांनी. नवव्या शतकात व्हायकिंगांच्या (उत्तरेकडून येणाऱ्या समुद्री लुटारूंच्या) धाडींमुळे तूर शहरातील सेंट मार्टिन मठातले लोक निघाले. राजा ‘टकला’ शार्ल याने त्यांना ८६७ मध्ये शाब्लीतला एक लहान मठ दिला. पुढे १११४ मध्ये जवळच पाँतिन्यी येथे सिस्टर्शियन पंथाचा मठ उभा राहिला. अंगमेहनत हीच उपासना मानणाऱ्या या पंथाला प्रभुभोजनाच्या विधीसाठी वाइन लागे, पाहुण्यांसाठीही लागे आणि उरलेली विकता येई. त्यांनी १११८ मध्ये शाब्लीतले मळे मिळवले. ‘प्ती पाँतिन्यी’ हे त्यांचे गावातले तळघर अजून शाबूत आहे. पिंपे ओसेर या जवळच्या शहरापर्यंत नेऊन योन नदीतून पॅरिसला पाठवता येत, हे या वाइनचे मोठेच भाग्य.

फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चच्या जमिनी जप्त होऊन लिलावात निघाल्या. पाँतिन्यीच्या मालकीचा ‘ला मुतोन’ हा २.३५ हेक्टरांचा तुकडा मठाच्या अखेरच्या प्रमुखाच्या भावानेच विकत घेतला. म्हणजे देवाची जमीन घरातच राहिली म्हणायची. आज तो लाँ-देपाकी या वाइन-मळ्यांच्या नावाखाली बिशो कुटुंबाकडे आहे. इतर जमिनींचे मात्र तसे झाले नाही. वारसाहक्काच्या कायद्याने सर्व मुलांना समान वाटा मिळू लागला आणि पिढीगणिक मळ्यांचे तुकडे पडत गेले. भाऊबंदकीत बांध कसे वाढतात, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

एकोणिसाव्या शतकात आधी रेल्वेने दक्षिणेकडची स्वस्त वाइन पॅरिसला आणली, मग फायलोक्सेरा या मुळांवरच्या किडीने वेली मारल्या. पहिल्या महायुद्धानंतर लहान शेतकऱ्याला एकट्याने वाइन करून विकणे परवडेनासे झाले. १९२३ मध्ये ‘ला शाब्लिझिएन’ ही सहकारी संस्था स्थापन झाली; पुढाकार एका धर्मगुरूचाच होता. मठाच्या हातून सुटून विखुरलेले मळे पुन्हा एका छताखाली आले, फक्त मालकी आता कुटुंबांची होती. आज शाब्लीच्या एकूण उत्पादनाचा सुमारे चौथा हिस्सा या संस्थेचा आहे. तिची एक रीत लक्षात राहण्यासारखी : सभासद तिथे द्राक्षे घालत नाहीत, घरी काढलेला ताजा रस घालतात. आपल्याकडच्या ऊस उत्पादकाने घरच्या चरकावर ऊस गाळून रस तेवढा कारखान्यावर न्यावा, तसेच हे. पुढचे आंबवणे आणि मुरवणे संस्थेकडे.

शाब्लीला मूळस्थानाचे कायदेशीर संरक्षण १९३८ मध्ये मिळाले. दर्जाच्या, खालून वर, चार पायऱ्या आहेत : प्ती शाब्ली, शाब्ली, प्रेम्ये क्र्यू आणि ग्राँ क्र्यू. ग्राँ क्र्यूचे सातही मळे नदीच्या उजव्या तीरावर, गावासमोरच्या एकाच उतारावर आहेत, सगळे मिळून जेमतेम १०० हेक्टर. ला मुतोन त्यांतल्या वोदेझिर आणि प्रेझ या दोन मळ्यांत पसरलेला आहे. सातांच्या यादीत तो नाही, तरी बाटलीवर ‘ग्राँ क्र्यू’ मिरवतो.

जमीन किमरिजियन काळातली, सुमारे १५ कोटी वर्षे जुनी, चुनखडी आणि चिकणमातीची. ढेकूळ फोडले की नखाएवढ्या कालवांचे जीवाश्म दिसतात. शाब्लीसोबत कालवे खाण्याची प्रथा असल्याने ‘मातीतली कालवे पेल्यात उतरतात’ असे कौतुकाने सांगितले जाते. ऐकायला छान आहे, पण शिंपल्याची चव मुळांवाटे द्राक्षात येते याला आधार नाही. पाण्याचा निचरा आणि थंड हवामान यांतून तो करकरीतपणा येतो, असे मानणे अधिक सयुक्तिक.

खरी भीती वसंतातल्या हिमतुषाराची. १९५० च्या दशकात मळे ५०० हेक्टरांच्या आसपास उरले होते, त्यात १९५७ च्या हिमतुषाराने हाहाकार केला. आज क्षेत्र ५,००० हेक्टरांहून अधिक आहे, तरी एप्रिलमध्ये कोंब फुटले की कुटुंबे रात्र जागवतात. २०२१ मध्येही मोठे नुकसान झाले. ओळींमधून मेणाचे डबे पेटवतात. निफाडकडचे बागायतदार पारा उतरला की पहाटे बागेत शेकोट्या करतात, तसेच. दुसरा उपाय वरकरणी उलटा वाटतो : वेलींवर पाण्याचे तुषार सोडायचे. पाणी गोठताना उष्णता बाहेर टाकते, आणि बर्फाच्या काचेसारख्या कवचात कोंब शून्य अंशाच्या आसपास तगून राहतो. मात्र ऊन वर येऊन पारा शून्यावर चढेपर्यंत पाणी बंद करता येत नाही. मध्येच थांबले, तर तोच बर्फ कोंब जाळतो.