रात्रीच्या टीव्हीला किती वॉट लागतात?

आईच्या खोलीतला टीव्ही भिंतीवर कॅलेंडरसारखा लटकलेला आहे. चित्र उत्तम. आवाजाबद्दल तिची तक्रार एकच, पण ठाम: "माणसं काय बोलतात ते कळत नाही, आणि जाहिरात लागली की कान फुटतात." टीव्ही जितका पातळ, तितकी आतल्या स्पीकरला जागा कमी. त्यात बरेचदा स्पीकरचं तोंड खाली जमिनीकडे नाहीतर मागे भिंतीकडे. शब्द ओळखायला लागतो तो 'स', 'श', 'त', 'क' या व्यंजनांचा बारीक, वरच्या पट्टीतला सळसळता भाग, आणि नेमका तोच भिंतीवर आपटून निम्मा होऊन येतो. वय वाढतं तसे कानही आधी वरच्या पट्टीतलेच आवाज सोडायला लागतात. आई मग रिमोटवरचा आकडा वाढवते. स्वर मोठे होतात, व्यंजनं होती तिथंच राहतात.

माळ्यावर जुन्या म्युझिक सिस्टिमचे दोन लाकडी स्पीकर पडून होते. सिस्टिम केव्हाच गेली, स्पीकर ठणठणीत. मागच्या कागदावर '६ ओहम' (स्पीकर विजेला किती अडवतो त्याचं माप) एवढंच वाचता येत होतं. असे स्पीकर टीव्हीला थेट जोडता येत नाहीत, मध्ये अ‍ॅम्प्लिफायर लागतो. म्हणून पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत गेलो. दुकानदारानं पहिलाच प्रश्न विचारला, "किती वॉटचा देऊ?"

उत्तर मी घरून काढून नेलं होतं, पण ते मोठ्यानं सांगायची लाज वाटली. उत्तर होतं, एक मिलिवॉट.

हिशेब सोपा आहे. स्पीकरला १ वॉट दिला तर १ मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, तो आकडा म्हणजे त्या स्पीकरची संवेदनक्षमता. घरगुती लाकडी पेटीच्या स्पीकरची ती साधारण ८४ ते ८८ असते. आपण ८६ धरू. आईची उशी स्पीकरपासून ३ मीटरवर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतात, म्हणजे ३ मीटरवर साडेनऊ गेले. राहिले ७६-७७. पण स्पीकर दोन आहेत आणि खोलीच्या भिंतीही आवाज परत फेकतात, तेव्हा दर स्पीकरला १ वॉट दिला तर उशीपाशी ८० डेसिबल मिळतील म्हणायला हरकत नाही. समोरासमोर बसून मारलेल्या गप्पा साधारण ६० डेसिबलच्या. रात्री शेजारच्या खोलीत नात झोपलेली असताना ५० सुद्धा पुरतात. १० डेसिबल खाली आलं की शक्ती एक दशांश लागते. ८० वरून ५० म्हणजे अशा तीन पायऱ्या, म्हणजे वॉटचा हजारावा भाग.

अर्थात मालिकेत दार आपटतं, ढग गडगडतात. असे क्षण संवादापेक्षा २० डेसिबल वर गेले तर शक्ती शंभरपट, म्हणजे दशांश वॉट. दुपारी क्रिकेटची मॅच जरा दणक्यात लावली, सरासरी ७० आणि उसळ्या ९० पर्यंत, तर दर स्पीकरला १० वॉट. बेडरूमची गरज इथं संपली. याउपर '५० वॉटऐवजी १०० वॉटचा घ्या' म्हणजे फक्त ३ डेसिबल, जेमतेम जाणवण्याइतका फरक.

दुकानदारानं काढलेल्या पहिल्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत '२०० वॉट' होतं. मी आतला अडॅप्टर बघायला मागितला. त्यावर बारीक अक्षरांत १२ व्होल्ट, २ अँपिअर. गुणाकार केला तर २४ वॉट. भिंतीतून २४ वॉट घेऊन स्पीकरला सतत २०० वॉट देणारं यंत्र निघालं, तर महावितरणला बोलावून सत्कारच करायला हवा. नव्वदच्या दशकात टेपरेकॉर्डरवर 'पीएमपीओ' असं लिहून हजाराचे आकडे छापत; त्या मोजमापाला कुठलंच प्रमाण नव्हतं. हे खोकं त्याचंच नातवंड.

अडॅप्टर वाचता आला की अ‍ॅम्पची खरी ताकद दोन ओळींत काढता येते. हे छोटे अ‍ॅम्प स्पीकरची दोन्ही टोकं हलवतात: एक वर जातं तेव्हा दुसरं खाली. त्यामुळे १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर स्पीकरला जास्तीत जास्त १२ व्होल्टची उसळी मिळते. लाटेचा प्रभावी व्होल्टेज उसळीच्या ०.७ पट, म्हणजे साडेआठ. त्याचा वर्ग ७२, भागिले ६ ओहम, झाले १२ वॉट. तोच अ‍ॅम्प २४ व्होल्ट चालवून घेत असेल आणि अडॅप्टरही तेवढा दमदार असेल, तर चौपट, ४८ वॉट. खोक्यावरचा आकडा बहुधा सगळ्यात मोठा अडॅप्टर, ४ ओहमचा स्पीकर आणि आवाजात १० टक्के विकृती आल्यावरचा असतो. १० टक्के विकृती म्हणजे लग्नाच्या हॉलमधला माइक.

ज्यांनी कॉलेजात '४४४०'चा बोर्ड सोल्डर केला आहे, त्यांना हे आकडे ओळखीचे वाटतील. सान्योची ती एलए४४४० चिप दोन्ही बाजूंना फक्त सहा-सहा वॉट द्यायची. आमच्या गल्लीतल्या गणपतीच्या आरत्या तिच्यावर दहा दिवस निघत. पण तिला तळहाताएवढा अ‍ॅल्युमिनिअमचा पत्रा लावावा लागे, नाहीतर चटका बसे. आजचा पन्नास वॉटचा डबा गार कसा राहतो?

पंख्याचा जुना रेग्युलेटर आठवा, तो चौकोनी, जड, हात लावला तर गरम. पंख्याला नको असलेली वीज तो स्वतःच्या तारेत जाळायचा. नवा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर वीज जाळत नाही. ती सेकंदाला शंभर वेळा तोडतो-जोडतो. जुन्या धाटणीच्या अ‍ॅम्पमधला ट्रान्झिस्टर जुन्या रेग्युलेटरसारखा अर्धवट उघडा राहतो आणि तापतो. नव्या 'क्लास डी' अ‍ॅम्पमधला ट्रान्झिस्टर एक तर पूर्ण चालू असतो, नाहीतर पूर्ण बंद. सेकंदाला काही लाख वेळा तो उघडझाप करतो, आणि किती वेळ चालू, किती वेळ बंद या प्रमाणात आवाजाची लाट लपलेली असते. पुढे तारेची गुंडाळी आणि कपॅसिटर ती भराभर उघडझाप गाळून टाकतात, लाट तेवढी स्पीकरला जाते. पूर्ण ताकदीनं चालताना ९० टक्क्यांच्या आसपास वीज स्पीकरपर्यंत पोचते. (यातला 'डी' डिजिटलचा नव्हे. आधी ए, बी, सी होते, म्हणून पुढचा डी.)

कल्पना जुनीच. इंग्लंडमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअरनं १९६४ मध्ये असा 'एक्स-१०' नावाचा अ‍ॅम्प विकायला काढला होता, पण तेव्हाचे ट्रान्झिस्टर एवढ्या वेगानं उघडझाप करायला तयार नव्हते. ट्रायपाथ या अमेरिकी कंपनीच्या टीए२०२० या चिपनं लोकांना पहिल्यांदा पटवलं की खिशाएवढा अ‍ॅम्पही गोड वाजू शकतो. कंपनी बुडाली, चिपचं नाव राहिलं. आज बाजारातल्या असंख्य छोट्या डब्यांत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए३११६ किंवा तिच्या बहिणी असतात. दोन खोक्यांच्या किमतीत दुपटीचा फरक असला तरी आत बरेचदा हीच चिप.

मग निवड कशावर करायची? माझ्या मते, रात्री अकराला तो डबा कसा वागतो त्यावर.

एक मिलिवॉट ६ ओहममध्ये म्हणजे ०.०८ व्होल्टसुद्धा नाही. घरगुती उपकरणांच्या लाइन सिग्नलची, म्हणजे टीव्हीसारखं उपकरण अ‍ॅम्पकडे तारेतून पाठवतं त्या आवाजाच्या सिग्नलची, रूढ पातळी सुमारे ०.३ व्होल्ट. म्हणजे रात्री हा 'अ‍ॅम्प्लिफायर' व्होल्टेज वाढवत नाहीच, घटवतो. तो लागतो करंटसाठी, कारण टीव्हीचं लाइन आउटपुट ६ ओहमचा स्पीकर ओढू शकत नाही. आणि अ‍ॅम्पचा अंगभूत गेन, म्हणजे आलेला सिग्नल तो किती पट वाढवतो ते, फार असला, तर नॉब जेमतेम हलवला की आवाज धाडकन वाढतो. वापरायला मिळते ती फक्त पहिली बोटभर फिरक. स्वस्त नॉबच्या आतल्या डाव्या-उजव्या स्पीकरच्या दोन पट्ट्या नेमक्या याच जागी सारख्या नसतात, त्यामुळे कमी आवाजात संवाद डावीकडे सरकतो. शिवाय काहीच वाजत नसताना येणारी 'सूं' खोली शांत झाली की डासासारखी छळते. दुकानात मी काहीही न वाजवता स्पीकरला कान लावून बसलो. दुकानदारानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती सहन केली, पण तीन डब्यांतला एक तिथंच बाद झाला.

दुसरी गोष्ट आपल्या कानाचीच. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं की हळू आवाजात कानाला खर्ज जवळजवळ ऐकूच येत नाही. आजच्या प्रमाण आलेखानुसार १००० हर्ट्झचा ४० डेसिबलचा सूर जेवढा वाटतो, तेवढाच १०० हर्ट्झचा सूर वाटायला सुमारे ६४ डेसिबल लागतात. आवाज वाढवला की ही दरी अरुंद होते. म्हणून दुकानात भरदार वाजलेला संच रात्री घरी पोकळ वाटतो. बेडरूमसाठी बेस (खर्ज) आणि ट्रेबल (वरची पट्टी) यांचे दोन साधे नॉब मला पन्नास वॉटांपेक्षा मोलाचे वाटतात. आईसाठी तर ट्रेबल थोडा चढवणं म्हणजेच 'स' आणि 'श' परत मिळणं.

ब्लूटूथनं जोडावं असं कुणालाही वाटतं. गाण्यांसाठी ठीक, पण टीव्हीला नको. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये आवाज शंभर ते अडीचशे मिलिसेकंद मागे पडू शकतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या १२५ मिलिसेकंद मागे पडला की, आणि ४५ मिलिसेकंद पुढे गेला तरी, माणसाला ते कळतं. उशिराला जास्त सूट का? प्रकाशामागून आवाज येणं आपल्या सवयीचं आहे. नदीकाठी कपडे धुणारीचा हात आधी खाली येतो, धप्प नंतर ऐकू येतं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज मागे ढकलता येतो, पुढे ओढता येत नाही. तेव्हा तारच बरी.

तारेचे पर्याय तीन. हेडफोनच्या पिनेतून जोडलं तर टीव्हीच्याच रिमोटनं आवाज कमीजास्त होतो, पण डिशच्या केबलचं अर्थिंग आणि अ‍ॅम्पचं अर्थिंग मिळून मधमाश्यांसारखी घूं सुरू होऊ शकते. ऑप्टिकल तारेतून वीज जातच नाही, फक्त लाल उजेड जातो, त्यामुळे घूं गायब. मात्र टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'पीसीएम', म्हणजे साधा डिजिटल आवाज, निवडावं लागतं, नाहीतर साध्या अ‍ॅम्पला डॉल्बीची भाषा कळत नाही आणि तो गप्प बसतो. एचडीएमआयचं 'एआरसी' लिहिलेलं भोक अ‍ॅम्पलाही असेल तर सगळ्यात सोयीचं: टीव्हीचा रिमोट दोन्ही चालवतो.

मी आधी ऑप्टिकलवाला आणला. जोडताना एक शहाणपण केलं: तार कमी पडली म्हणून दोन्ही स्पीकरच्या काळ्या तारा एकत्र पिळून एकाच ठिकाणी खुपसल्या. जुन्या अ‍ॅम्पमध्ये काळी म्हणजे जमीन (ग्राउंड), त्यामुळे खपून जायचं. इथं दोन्ही टोकं जिवंत. डब्याचा दिवा लुकलुकला आणि तो मुकाट झाला. सुदैवानं चिपमध्ये संरक्षण होतं. तारा सुट्या करून प्लग काढून पुन्हा लावल्यावर शुद्धीवर आला.

आवाजावर आई खूश झाली, रिमोटवर नाही. "आता दोन-दोन रिमोट सांभाळू का मी? एक गोधडीत हरवला की झालं." चार दिवसांनी दुकानदाराला वरचे पैसे देऊन एआरसीवाला बदलून आणला. आता जाहिरातीच्या वेळी तिचा अंगठा आपोआप हलतो. फक्त नव्या डब्याच्या पुढच्या बाजूला एक निळा दिवा आहे, रात्री अख्खी खोली उजळणारा, आणि तो बंद करायची सोय कुठल्याच मेनूत नाही. तिनं त्यावर टिकली लावली आहे.