रानटर्कीसाठी मचाण का चालत नाही

अमेरिकेत शरद ऋतूत हरणासाठी झाडावर चढून बसणारा शिकारी वसंतात टर्कीमागे निघाला की मचाण घरी ठेवतो आणि बुंध्याला पाठ लावून जमिनीवर बसतो. नवख्याला हे उलटे वाटते. उंचावरून लांबचे दिसते, मग खाली का बसायचे? याचे कारण निम्मे त्या पक्ष्याच्या डोळ्यांत आहे आणि निम्मे शिकारीच्या नियमांच्या इतिहासात.

वसाहतींच्या काळात टर्की मारायला कसब फारसे लागत नसे. ओंडके रचून छप्पर घातलेला पिंजरा करायचा, एका भिंतीखालून पक्षी जाईल एवढा चर खणायचा आणि जंगलातून थेट चरापर्यंत मक्याचे दाणे टाकत जायचे. कळप मान खाली घालून दाणे टिपत आत शिरे. पोट भरल्यावर माना वर होत आणि मग ओंडक्यांच्या फटींतून येणाऱ्या उजेडाकडे पाहत पक्षी भिंतीकडेने फिरत राहत. भिंतीलगत चरावर काटक्यांचा साकव घातलेला असे. त्यावरून ते पुन्हा पुन्हा जात, पण खालची वाट त्यांना दिसत नसे. चित्रकार आणि पक्षीनिरीक्षक जॉन जेम्स ऑड्युबन याने या सापळ्याचे वर्णन करून ठेवले आहे. दुसरी रीत त्याहून सोपी होती. टर्की रात्री झाडावर बसते. चांदण्यात फांदीवरच्या काळ्या आकृत्या हेरायच्या आणि एकेक पाडायची.

त्यात जंगले तुटली, बाजारात मांसाला मागणी होतीच. मॅसॅच्युसेट्समधली शेवटची मूळ टर्की १८५१ मध्ये माउंट टॉमवर मारली गेली असे मानतात, आणि विसावे शतक उजाडेपर्यंत अनेक राज्यांतून हा पक्षी नाहीसा झाला होता. १९०० च्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या प्राण्यांचा आंतरराज्य व्यापार बंद केला. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यामुळे बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामाला मिळू लागला. तरीही आधीची बरीच वर्षे वाया गेली, कारण फार्मवर वाढवलेले पक्षी सोडण्याचा सोपा मार्ग निवडला होता. आईमागे न वाढलेली ती पिल्ले रानात टिकत नसत. १९५१ मध्ये दक्षिण कॅरोलिनात तोफेसारख्या नळ्यांतून जाळे उडवून रानातलेच कळप पकडता आले आणि गाडी रुळावर आली. पकडायचे, पेटीत घालायचे, दुसऱ्या जंगलात सोडायचे. आज अलास्का सोडून सर्व राज्यांत टर्की आहे.

हे होत असताना नियम घट्ट झाले. सापळे गेले, दाणे टाकून किंवा झाडावर झोपलेला पक्षी मारणे बहुतेक ठिकाणी गुन्हा ठरले. वसंतातला हंगाम नरांपुरता, म्हणजे छातीवर केसांसारखी दाढी असलेल्या पक्ष्यांपुरता राहिला. एक नर अनेक माद्यांशी जुगतो, त्यामुळे काही नर कमी झाले तरी अंडी थांबत नाहीत. पेनसिल्व्हेनियात तर वसंतात फक्त साद घालूनच, म्हणजे मादीसारखा आवाज काढून नराला जवळ बोलावूनच, शिकार करता येते. पक्ष्याचा माग काढत जाणे बेकायदा आहे. सादेची साधने मात्र जुनीच. मूळ रहिवासी टर्कीच्याच पंखांच्या हाडांची पिपाणी करत. आर्कान्सातल्या हेन्री गिब्सनने लाकडी पेटीच्या सादेचे पेटंट घेतले ते १८९७ मध्ये.

मचाण अडते ते इथेच. मचाण हे नाकाने जगणाऱ्या जनावरांविरुद्धचे साधन आहे. पंधरावीस फूट वर बसले की वास बराचसा हरणाच्या डोक्यावरून जातो आणि हरीण सहसा वर पाहत नाही. आपल्याकडेही रानडुकराच्या राखणीला माळा बांधतात. टर्कीला वासाचे फारसे पडलेले नाही. तिचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, रंग उत्तम दिसतात आणि किंचित मान वळवली की चहूकडचे दृश्य कवेत येते. शिवाय ती स्वतः झाडावर झोपते आणि मोठे शिंगळे घुबड वरूनच झडप घालते, त्यामुळे वरची हालचाल तिला लगेच खटकते. आकाशाच्या पार्श्वभूमीवर उचललेला हात लपत नाही.

दुसरी अडचण आवाजाची. नर सादेची जागा अचूक हेरतो. पहाटे माद्या झाडावरून उतरल्या की त्यांचा आवाज जमिनीवरून यायला हवा. तो वीस फुटांवरून आला तर नर नेमका त्या झाडाकडे पाहतो. तो साठसत्तर यार्डांवर अडून फुगून उभा राहिला की शिकाऱ्याला जागा बदलावी लागते, आणि मचाणावरून ते होत नाही.

म्हणून जमिनीवरची बैठक ठरली. आदल्या संध्याकाळी नर कोणत्या झाडावर बसला ते पाहून ठेवायचे आणि पहाटे अंधारात शंभर-दीडशे यार्डांवर पोचायचे. खांद्यांपेक्षा रुंद बुंधा निवडायचा. त्याने शरीराची आकृती उठून दिसत नाही आणि पाठीमागून दुसऱ्या शिकाऱ्याने चुकून झाडलेले छरे अडतात. गुडघा वर, बंदूक गुडघ्यावर, तोंड आणि हात झाकलेले. कपड्यांत लाल, पांढरा, निळा नको, कारण नराच्या डोक्याचे रंग हेच आणि दुसरा शिकारी फसू शकतो. नेम डोके आणि मानेवर, अंतर ४० यार्डांच्या आत. नेम चुकतो तो बरेचदा फार जवळून: टर्कीसाठीच्या, तोंडाशी आवळलेल्या नळीतले छरे दहाबारा यार्डांवर मुठीएवढ्याच घेरात असतात आणि मान सतत हलत असते. म्हणून आधी कागदावर वेगवेगळ्या अंतरांवरून बार काढून घेर मोजावा.

मचाणाला एक जागा उरते. शरदात हरणासाठी बसलेल्या धनुर्धाऱ्याखालून कळप चरत गेला आणि त्या राज्यात परवानगी असेल तर तो बाण सोडतो. वरून सुटलेला बाण जमिनीत रुततो, ही सुरक्षितता खरीच. पण मर्मस्थान लहान, पिसे रक्त शोषतात, आणि जखमी पक्षी उडाला तर माग सापडत नाही. मचाणावर चढताना पूर्ण अंगाचा पट्टा हवा आणि धनुष्य दोरीने मागून ओढून घ्यावे. पडण्याच्या घटना चढता-उतरताना जास्त होतात.

धनुर्धाऱ्यांनाही जमिनीवर आणले ते घडीच्या तंबूने. मोकळ्या शेतात अचानक उभा राहिलेला तंबू हरणाला खटकतो, टर्की मात्र त्याच्या शेजारून चरत जाते. आत काळे कपडे घालायचे आणि मागच्या खिडक्या बंद ठेवायच्या. उघड्या राहिल्या तर मागच्या उजेडात धनुष्य ओढणारा हात पक्ष्याला स्पष्ट दिसतो.